जेवणानंतर एक नात

डॉक्टरांनी शालनक्कांना नात लिहून दिली. आठवड्यातून चार वेळा, दुपारच्या जेवणानंतर, पाऊण तास. खाली रक्तदाबाची गोळीही होती, पण ती अर्धीच.

"नात?" शालनक्कांनी कागद उलटा करून पाहिला. "कुणाची?"

"कुणाचीही चालते, अक्का," डॉ. आवटे हसून म्हणाले. "रक्ताच्या नात्यानं परिणामात काही फरक पडत नाही, हे सिद्ध झालंय."

"काहीच फरक पडत नाही?"

"शून्य."

या भेटीतला पहिला राग शालनक्का चौगुल्यांना तिथे आला. तसं त्यांना रागवायला फार मोठं कारण लागत नसे. कोल्हापुरात मंगळवार पेठेत त्यांनी उभा जन्म मिरची कांडपाचा डंक चालवला होता. एकीकडे लोखंडी मुसळं धडाधड आपटतायत, दुसरीकडे गिऱ्हाइकं शिंकतायत, आणि मध्ये उभं राहून 'लवंगी किती, ब्याडगी किती' हे ओरडून विचारायचं. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही परक्याला भांडण वाटे. आणि खरं भांडण सुरू झालं की शेजारची मंडळी चहाचे कप घेऊन गॅलरीत येत. आता डंक विकून झाला होता, नवरा वारला होता, मुलगा पुण्याला होता. भांडायला हक्काचं असं कुणी उरलं नव्हतं. बिनचालकाच्या रिक्षाशी भांडून पाहिलं, पण ती प्रत्येक शिवीला 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत' म्हणायची.

आणि मग दिवाळीत मुलगा सुशांत घरी आला, तर आई फ्रीजसमोर पाट टाकून बसलेली.

"काय करतीयस आई?"

"गप. दोन झाल्यात. तिसरी शिट्टी व्हायचीय."

कुकर फ्रीजमध्ये होता.

त्या दिवसापासून सुशांत आणि फोनच्या पडद्यावरच भेटणारी त्याची बायको त्यांच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. त्या चुकल्या तरी "हो, बरोबर" म्हणायला लागले. फ्रीजपेक्षा शालनक्कांना याचीच जास्त धडकी भरली. म्हणून त्या डॉक्टरांकडे आल्या होत्या.

नातीचं औषध निघालं ते असं. मेंदू दिवसभर काम करतो आणि कचरा करतो. रात्री गाढ झोपेत तो कचरा धुऊन निघतो. म्हातारपणी ही मोरी तुंबायला लागते. तुंबलेल्या पाण्यात आधी कालचं जेवण बुडतं, मग नावं, मग माणसं. मोरी उघडायचे पुष्कळ उपाय करून झाले. शेवटी काही संशोधकांच्या लक्षात आलं की म्हातारं माणूस आणि लहान मूल शेजारी बसून हातांनी एकच काम करत असली, की थोड्या वेळाने दोघांची हृदयं एका ठेक्यात पडतात. आणि तशी पडली, की त्या रात्री म्हाताऱ्याची झोप खोल जाते आणि मोरी वाहती होते. मूलच का? तर मोठ्या माणसाचं हृदय सरकारी कचेरीतल्या साहेबासारखं आपल्याच चालीनं चालतं. लहान मुलाचं श्वास घेतला की पळतं, सोडला की रेंगाळतं. ते समोरच्याच्या चालीनं चालू शकतं. बाराव्या वर्षानंतर तेही आडमुठं होतं. या जुळण्याला संशोधकांनी 'लय' म्हटलं आणि ती मोजायला कानामागे चिकटवायचा एक ठिपका काढला. लय जुळली की हिरवा, तुटली की लाल, फारच तुटली की ओरडणारा.

इथपर्यंत सगळं चांगलंच होतं. पुढचा विचार व्यवस्थापन शिकलेल्या कुणीतरी केला.

कारण कोल्हापुरात म्हातारी माणसं उदंड आणि पोरं मोजकी झाली होती. कोल्हापूरची तरणी माणसं पुण्याला गेली, पुण्याची परदेशी गेली, आणि जी जागेवर होती ती 'एकच मूल, तेही बघू पुढच्या वर्षी' म्हणत होती. तेव्हा आहेत ती पोरं वाटून घ्यावी लागली. आजोळ केंद्रं उघडली. पोरांना श्रेणी आल्या: अ, ब, क, ड. अ श्रेणीच्या पोराला हव्या त्या हायस्कुलात प्रवेश. पहिल्या वर्षी पालकांनी मोर्चा काढला. दुसऱ्या वर्षी आजोळच्या शिकवण्या निघाल्या.

राजारामपुरीतलं केंद्र एका मंगल कार्यालयात होतं. लग्नं फारशी उरली नव्हती, म्हणून ते रिकामं पडलेलं. जिथे पूर्वी पंगती बसायच्या तिथे आता जोड्या बसत. भिंतीवर सूचना होती: 'मोठ्याने बोलू नये. "नाही" म्हणू नये. कोणीही जिंकू नये.' हॉलभर माणसं असून पाल चुकचुकली तरी ऐकू येत होती. काही म्हातारे चित्र रंगवता रंगवता झोपले होते, त्यांची पोरंही झोपली होती, आणि त्यांचे ठिपके सगळ्यात छान हिरवे होते.

"नशीबवान आहात अक्का," डॉ. आवटे कुजबुजले. केंद्राचे प्रमुखही तेच होते. "तुमच्यासाठी त्रिशाची वेळ मिळाली. आमची अ-अधिक. शहरात अशी एकच."

समोर नऊ वर्षांची पोरगी बसली होती. दोन घट्ट वेण्या, हात मांडीवर.

"नमस्कार आजी. मी त्रिशा माने. आज आपण मटार सोलूया का?" लिफ्ट 'तिसरा मजला' म्हणते तशा आवाजात ती म्हणाली.

दोघी मटार सोलू लागल्या. दोन मिनिटांत ठिपका हिरवा झाला. पलीकडून डॉक्टरांनी अंगठा दाखवला. पण शालनक्कांचं लक्ष ठिपक्याकडे नव्हतं, पोरीच्या हाताकडे होतं. शेंग फोडायची, दाणे पातेल्यात. शेंग फोडायची, दाणे पातेल्यात. मटार सोलताना एकही दाणा तोंडात न टाकणारं पोर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"तुला आवडत नाहीत व्हय गं?"

"आवडतात, आजी."

"मग खा की."

"खाल्ले की लाल होतंय." हे मात्र पोरगी स्वतःच्या आवाजात बोलली आणि लगेच दचकली.

शालनक्कांनी शेंग खाली ठेवली. "आणि हिरवं कसं करतीस?"

त्रिशाने इकडेतिकडे पाहिलं. कोल्हापुरातल्या बहुतेक पोरींसारखी तीही स्वतःबद्दल पोरांच्या भाषेत बोलायची. "सोपं आहे. मी आत बंद होतो."

"म्हणजे?"

"पंख्याचं बटण दाबलं की तो फिरत फिरत थांबतोय का नाही? तसं. मग समोरच्याचं जे काय असतंय ते माझ्यात चालू होतंय. मला काय करायला लागत नाही."

"दिवसाकाठी किती म्हातारी?"

"पाच. शनिवारी आठ."

"घरी गेल्यावर परत चालू होतीस?"

पोरगी विचारात पडली. हा प्रश्न शिकवणीत आला नव्हता. "कधी कधी राहून जातंय," ती म्हणाली.

"तुला तुझी आजी नाही?"

"आहे की. गारगोटीला. पण तिचा नंबर मार्चमध्ये लागणार आहे."

शालनक्का उठल्या तेव्हा पातेलं पालथं झालं आणि हॉलभर मटार घरंगळले. ठिपका लाल झाला. चाळीस म्हातारी आणि चाळीस पोरं एकदम त्यांच्याकडे बघायला लागली.

"पोरगी बंद पडतीय!" डॉ. आवट्यांच्या टेबलावर हात आपटून त्या म्हणाल्या.

"शांत होते, अक्का. उत्तम लक्षण आहे."

"मेलेलं माणूस पण शांत असतंय."

डॉ. आवटे रागावले नाहीत. त्यांना रागवायची परवानगी नव्हती. प्रमुखाच्या कानामागेही ठिपका असे. त्यांनी काचेतून बोट दाखवलं. "ते बघा, बापूसाहेब जगदाळे. माजी नगरसेवक. दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या बायकोला निवडणूक निरीक्षक समजायचे. घरात शिरली की हात जोडून उभे राहायचे. आज तिला नावानं ओळखतात."

"मग?"

"मग काय, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, जुनं भांडण आठवलं ना. पण ओळखतात! हे या मुलांमुळे झालंय अक्का. बंद करू हे? जाऊन सांगा त्यांच्या बायकोला."

शालनक्कांनी काचेतून बघितलं. बापूसाहेब खरंच बरे झाले होते. त्यांना स्वतःलाही बरं व्हायचं होतं. रोज सकाळी उठल्यावर त्या आधी सुशांतचं नाव मोठ्याने म्हणून बघत, आहे का अजून. उत्तर नसलेला राग फार वाईट, तो बाहेर पडत नाही आणि आतही मावत नाही.

"आणि सक्ती कुणावरच नाही," डॉक्टर पुढे म्हणाले. "नको असेल तर श्रेणी आपोआप घसरते. ड झाली की नाव निघतं. मारलं, चावलं तर त्याच दिवशी कायमचं, त्यावर अपील नाही. पण आजवर वेळ आली नाही. गोड मुलं आहेत सगळी."

शालनक्का दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. "ड झाली की निघतं म्हणालास?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या हळू आवाजात बोलल्या. डॉक्टरांना वाटलं, औषध लागू पडलं.

मंगळवार पेठेत गौरी जागवायच्या तेव्हा शालनक्का झिम्मा-फुगडीच्या पुढारी असत. तिथली रीत अशी की दोघींनी हात धरून गरागरा फिरायचं आणि फिरता फिरता एकमेकींची उणीदुणी काढायची, तीही यमकात. सासूपासून नाकापर्यंत काहीही चालतं. जिची शिवी आधी संपेल ती हरली. मनाला लावून घ्यायचं नाही, आणि हात तर अजिबात सोडायचा नाही. सोडला तर दोघी आपटतात. शालनक्कांचा हात धरून फिरायला पेठेतल्या बायका घाबरायच्या आणि दरवर्षी पुन्हा रांग लावायच्या.

"आज मटार नाहीत," पुढच्या खेपेला त्या त्रिशाला मागच्या पडवीत घेऊन गेल्या. "हात दे. फिर. आणि मला शिवी घाल."

"आजी, तुम्ही छान आहात."

"ही शिवी नव्हं."

त्रिशाने पुष्कळ विचार केला. "तुम्ही... थोड्या जुन्या आहात."

"माझ्या डंकाखाली सापडलेली मिरचीपण तुझ्यापेक्षा तिखट बोलायची. ऐक:

आली आली त्रिशा, फाटका खिसा,
डोक्यात भुसा, पायाला मिशा!"

"पायाला मिशा नसतात," त्रिशा म्हणाली.

"बघ आधी खाली."

पोरीने खरंच खाली पाहिलं. आणि मग तिचा चेहरा लाल झाला. खरा, घामाघूम, नाक फेंदारलेला राग. ठिपका टिटवीसारखा ओरडायला लागला. "फसवलंत!"

"फसवलं. मग? काय करतीस? नमस्कार करतीस?"

त्या दिवशी काही झालं नाही. पण पुढच्या खेपेला पोरगी वहीच्या मागच्या पानावर तयारी करून आल्यासारखी आली, हात धरले, दोन गिरक्या होऊ दिल्या आणि सोडली:

"अक्का गं अक्का, विचार तुझा पक्का,
फ्रीजला शिट्टी आणि गॅसला धक्का!"

शालनक्का थांबल्या. फ्रीजची गोष्ट केंद्राच्या कागदात होती, पोरीने वाचली असणार. गेले कित्येक महिने त्या दिवसाबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सुशांत फ्रीज उघडतानाही आईकडे बघायचा नाही. आणि ही शेंबडी पोरगी तोंडावर, यमकात, हात न सोडता म्हणत होती.

"लागलं का?" त्रिशाने भीत भीत विचारलं.

"लागलं," शालनक्का म्हणाल्या. "झोंबलं. भवाने, ह्याला म्हणायचं शिवी!" आणि पोटात दुखेपर्यंत हसल्या. मग त्यांनी परतफेडीला त्रिशाच्या वेण्यांवर असं काही यमक जुळवलं की ते इथे छापता येणार नाही.

त्यानंतर त्रिशा दोन आठवड्यांत शहरातली सगळ्यात वाईट मुलगी झाली. चित्र रंगवणाऱ्या आजींना तिने सांगितलं की हत्ती जांभळा नसतो. गोष्ट सांगणाऱ्या आजोबांना म्हणाली, ही कालच सांगितलीत आणि काल बरी होती. माळ ओवताना तिने बापूसाहेबांचा हात धरला. "तुम्ही माझे मणी चोरताय."

बापूसाहेब तरातरा डॉक्टरांकडे आले. "माझ्यावर विरोधी पक्षानंसुद्धा आजवर—"

"चोरले होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"चार. पण तो प्रश्न नाही."

त्रिशाची श्रेणी अ-अधिकवरून अ झाली, मग ब, मग क. शालनक्का रोज दारावरच्या पाटीवर बघून जात. ड यायला एक आठवडा होता. ड आली की पोरगी इथे परत येणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. ती गेली की आपलं औषध गेलं, हेही ठाऊक होतं. दुसरं पोर देतील, हिरवं. रस्त्याने जाताना त्या मनातल्या मनात कुणाला तरी शिव्या घालत. बहुतेक स्वतःलाच.

त्याच आठवड्यात डॉ. आवट्यांनी त्यांना आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"अक्का, तुमची स्मरणशक्तीची चाचणी केली. केंद्रात सगळ्यात जास्त सुधारणा तुमची आहे."

"लाल असून?"

"तेच तर!" डॉक्टरांचे डोळे चमकत होते. पडद्यावर त्यांनी दोन रेषा दाखवल्या. एक वर चढली की दुसरी खाली, मग दुसरी वर, पहिली खाली. "ही तुम्ही, ही त्रिशा. ती शिवी देते तेव्हा तिचं हृदय धावतं, तुमचं दबा धरून बसतं. मग तुमची पाळी. दोन पैलवान एकमेकांचा अंदाज घेत फिरतात ना आखाड्यात, तसं. हीसुद्धा लयच आहे, फक्त आळीपाळीची. आमचा ठिपका एकसारखी हालचाल तेवढी मोजतो, म्हणून ती त्याला दिसत नव्हती. आणि म्हणूनच झोपलेल्यांना सगळ्यात जास्त गुण मिळत होते. त्यांना फायदा होतोय, पण चिमूटभर. तुम्हाला पसाभर."

"म्हणजे तुमचं यंत्र चुकलं."

"सुधारलं! मुख्यालयानं मंजुरी दिली. परवा पाहायला येतायत. नवा कार्यक्रम: 'रुसवा'. जेवणाआधी एक भांडण." त्यांनी कागद पुढे केला. "पोरांना शिव्यांचं प्रशिक्षण द्यायचं. त्रिशा मुख्य. तिची श्रेणी पुन्हा अ-अधिक होणार, अधिक-अधिकसुद्धा. आणि तुम्हाला ती रोज. रोज, अक्का! आयुष्यभर, म्हणजे बारा वर्षांची होईपर्यंत. तुम्ही काही विसरणार नाही."

शालनक्कांनी विचारलं, "आणि बाकीची म्हातारी?"

"त्यांनाही रोज. मागणी वाढणार. शनिवारी बारा तरी."

शालनक्का कागद तिथेच ठेवून उठल्या. घरी जाऊन त्या पलंगावर बसून राहिल्या. रोज त्रिशा. रोज ते दोन ओले, घट्ट हात. सुशांतचं नाव सकाळी म्हणून बघायला नको. एवढं सगळं देत होते, आणि त्याचा त्यांना इतका राग येत होता की दातांची कवळी दुखायला लागली.

परवा मुख्यालयाची दोन माणसं आली, कॅमेरा घेऊन. हॉलच्या मधोमध दोन पाट मांडले होते. चाळीस म्हातारी जागी करून भोवती बसवली होती. डॉ. आवट्यांनी त्रिशाच्या कानामागे नवा ठिपका चिकटवला.

"त्रिशा बाळ, आता आजींचा हात धर. आणि शिवी दे. कॅमेऱ्याकडे बघून."

त्रिशाने हात धरले. पोरीचे हात थंडगार होते. ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली:

"अक्का गं अक्का, विचार तुझा पक्का. फ्रीजला शिट्टी आणि गॅसला धक्का. धन्यवाद."

लिफ्टच्या आवाजात. तिसरा मजला.

मुख्यालयाची माणसं टाळ्या वाजवायला लागली. ठिपका नव्या हिशोबाने हिरवागार होता. समोर शालनक्कांचं हृदय असं काही उसळत होतं की यंत्राला ती दोघींची आळीपाळीच वाटली असावी. शालनक्कांनी पोरीच्या डोळ्यांत बघितलं. आत पंखा थांबला होता.

आपल्या हातानं शिकवलेली शिवी. तीसुद्धा यांनी घेतली.

"वा, वा, पुन्हा एकदा," डॉक्टर म्हणाले आणि ठिपका नीट दाबून बसवायला वाकले. "जरा अजून रागानं, बाळ."

शालनक्का पोरीच्या कानाशी गेल्या. "तिरशे," त्या म्हणाल्या, "चाव."

"कुणाला?"

"तुझ्या पसंतीनं."

त्रिशाने घाई केली नाही. मुख्यालयाच्या माणसांकडे बघितलं, बापूसाहेबांकडे बघितलं, शालनक्कांकडेही क्षणभर बघितलं. मग कानामागे आलेला डॉ. आवट्यांचा हात दोन्ही हातांनी धरला, आणि इतक्या मनापासून चावली की कॅमेरावाला किंचाळला. डॉक्टर नंतर किंचाळले.

एक आजी टाळ्या वाजवायला लागल्या. बाकीच्यांना ते कार्यक्रमातच आहे असं वाटून त्यांनीही वाजवल्या.

त्रिशाचं नाव त्याच दुपारी निघालं, कायमचं. चिथावणी दिल्याबद्दल शालनक्कांचंही. डॉ. आवटे हाताला पट्टी बांधून फाटकापर्यंत आले. ठिपका काढून टाकला होता, त्यामुळे आता त्यांना रागवता येत होतं.

"कळतंय का काय घालवलंत? कुठलंच केंद्र आता तुम्हाला मूल देणार नाही. वर्षभरात सगळं विसराल. मलासुद्धा विसराल!"

"तुला विसरायला वर्ष कशाला पाहिजे?" शालनक्का म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या. रिक्षा म्हणाली, आपला प्रवास सुखाचा होवो. आज शालनक्कांनी तिला शिवीही घातली नाही. मंगळवार पेठेपर्यंत त्या रडत होत्या, आणि ते रागाचं रडणं आहे असं कुणी विचारलंच तर सांगायचं त्यांनी ठरवलं होतं.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी दारावर थापा पडल्या. बेल असताना. शालनक्कांनी दार उघडलं. बाहेर एक तरणी बाई ऑफिसची बॅग खांद्याला लावून उभी होती, आणि तिने मनगटाला धरून आणलेली एक पोरगी.

पोरगी ओळखीची होती. चांगली ओळखीची. शालनक्कांनी नाव शोधलं. जिथे असायला हवं होतं तिथे ते नव्हतं.

"नाव विसरलीस व्हय गं?" पोरगी म्हणाली.

"तुझ्यासारखीचं नाव कशाला लक्षात ठेवू?"

"त्रिशा."

"ठाऊक आहे मला!"

"मी हिची आई, सोनाली माने," बाई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "तुम्ही काय करून ठेवलंय माझ्या पोरीचं? हायस्कूल गेलं. शिकवणीवाले म्हणतात, फोन करू नका. घरात प्रत्येक शब्दाला उलट उत्तर. आमटीला नावं ठेवती, माझ्या साडीला नावं ठेवती, काल साहेबांचा फोन होता तर मागनं ओरडली की आई घरातच आहे, खोटं बोलतीय! गारगोटीला सासूबाईंकडे सोडली, तर तिथं म्हणाली, तुझं पिठलं आळणी आहे. आणि सासूबाईंनी काय करावं? गल्लीभर सांगत फिरल्या, माझी नात आली, माझी नात आली!"

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं? शाळा सुटल्यावर हिला ठेवू कुठं? मी ऑफिसातनं येतो सातला. कुणी हिला घेत नाही. तुम्ही बिघडवलीय, तुम्हीच सांभाळा!"

"मी काय पाळणाघर काढलंय? मला विचारलंस का?"

"तुम्ही मला विचारलं होतं?" सोनाली ओरडली. "माझी पोर होती! मला विचारलं होतं तुम्ही?"

समोरच्या गॅलरीत दोन माणसं कप घेऊन येऊन उभी राहिली.

शालनक्कांनी विचारलं नव्हतं. त्यांनी पोरीकडे बघितलं. पोरगी दोघींची तोंडं आळीपाळीने बघत होती आणि मध्येच घुसायला जागा शोधत होती.

"बाई," शालनक्का म्हणाल्या, "तुला कळत नाही. मी आजारी आहे. हे असं दिवसेंदिवस वाढणार. एक दिवस ही दारात येईल आणि मी विचारीन, कोण गं तू? तेव्हा काय करायचं हिनं?"

"ती सांगेल," सोनाली म्हणाली. "रोज सांगेल. दहादा सांगेल. तिला आता गप्प बसता येत नाही, तुमच्याच कृपेनं!"

"दहादा कशाला? विसाव्यांदा पण सांगीन," त्रिशा म्हणाली. "आणि प्रत्येक वेळी नवीन शिवी देऊन."

"तू मध्ये बोलू नकोस!" दोघी एकदम म्हणाल्या.

"का नको? माझ्याबद्दलच चाललंय की!"

शालनक्कांचा आता मात्र तोल सुटला. त्यांनी दार पूर्ण उघडून भिंतीवर आपटलं.

"आत या दोघी!" त्या गरजल्या. "उंबऱ्यावर उभं राहून कसलं भांडताय? भांडायचं तर बसून भांडा."